पार्श्वभूमी : ‘मुक्तछंद’ नेमका कशापासून मुक्त?

काव्यपरिभाषेतला सर्वांत जुना भाग अलंकारांचा. नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार येतात. पुढच्या शतकांत यादी शंभरापलीकडे गेली. त्यांच्या व्याख्यांबद्दल आज फारसे कुणी भांडत नाही. खरा गुंता आहे छंदाकडे.

मराठीत ओवी शास्त्राच्या आधीपासून गळ्यात होती. 1129 च्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड. अक्षरे मात्र कमीजास्त. मोठ्या अभंगाचे माप सहा-सहा-सहा-चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. संस्कृत लघु-गुरूंच्या (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांच्या) तीन-तीन अक्षरी गणांत यातले काहीच बसत नाही.

या रचनांना शास्त्रात हक्काची जागा मिळाली ती माधव जूलियनांच्या 1927 च्या ‘छंदोरचना’ या ग्रंथात (विस्तारित आवृत्ती 1937). गणांवर चालते ते वृत्त, मात्रांवर चालते ती जाती आणि नुसत्या अक्षरसंख्येवर चालतो तो छंद. छंदात लघु-गुरूचा भेदच मानायचा नाही. मराठी पद्याचा इतका नेटका हिशेब त्याआधी कुणी मांडला नव्हता. अडचण एकच झाली. ‘छंद’ हे सगळ्या पद्यमापनाचेच जुने नाव होते. आता ते कुळाचेही नाव झाले आणि त्यातल्या एका शाखेचेही.

नेमक्या याच काळात, 1930 नंतर, मुक्तछंद रुजला. तो रुजवणाऱ्यांच्या लेखी तो बेशिस्त नव्हता: अक्षरांचा एक लहान गट पुन्हापुन्हा येतो (हेच आवर्तन), ओळ किती लांबवायची ते मात्र अर्थ ठरवतो. म्हणजे सुटका चरणाच्या ठरीव लांबीपासून आणि यमकापासून, लयीपासून नव्हे. विरोधकांनी आणि पुढे पुष्कळशा चाहत्यांनीही ‘मुक्त’ तेवढेच ऐकले. जिथे छापील ओळी तुटक दिसल्या, तिथे मुक्तछंद, असे समीकरण झाले. 1960 नंतर लघुनियतकालिकांतली कविता बोलण्याच्या गद्य लयीत उतरली, आणि तिच्यावरही तोच शिक्का बसला. तिच्यासाठी ‘मुक्तशैली’, ‘गद्यकविता’ हे शब्द आले, पण रूढ झाला तो जुनाच. हे नुकसानीचे झाले, कारण आवर्तन सांभाळणारा कवी आणि ते जाणूनबुजून मोडणारा कवी, दोघांचीही कारागिरी त्या एका शब्दाखाली झाकली जाते.

सुनीताच्या, म्हणजे चौदा ओळींच्या ‘सॉनेट’च्या, वाट्याला असे काही आले नाही. मराठीतले पहिले सुनीत 1892 चे, नाव त्याला नंतर मिळाले. तरी चौदा ओळी कुणालाही मोजता येतात. मुक्तछंदाचे तसे नाही. तिथे आवर्तन आहे की नाही, हे कविता मोठ्याने वाचल्यावरच कळते.