रोमन ब्राँझ नाण्यांवरची चित्रं

नाणी येण्याआधी रोममध्ये ब्राँझचे ओबडधोबड तुकडे तोलून व्यवहार होत. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ओतीव नाणी आली. त्यांतलं मुख्य नाणं 'आस'. सुरुवातीला त्याचं वजन जवळपास एक रोमन पौंड, म्हणजे ३२० ग्रॅमच्या आसपास होतं.

इ.स.पू. २२५च्या सुमारास त्यावर एका बाजूला दोन तोंडांचा दाढीवाला देव जानुस आणि दुसऱ्या बाजूला युद्धनौकेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, आली. इ.स.पू. २४१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शत्रुराज्यावर मिळवलेल्या आरमारी विजयाशी या नाळेचा संबंध जोडला जातो. लहान नाण्यांवर देव बदलत, मागची नाळ मात्र तीच. मिनर्व्हाच्या नाण्यावर चार ठिपके, हर्क्युलिसच्या तीन. ठिपके मोजले की किंमत कळायची. कार्थेजचा सेनापती हॅनिबलशी युद्ध पेटलं आणि वजन झपाट्याने घसरत मूळच्या सहाव्या हिश्शावर आलं. चित्र टिकून राहिलं. इतकं, की पुढे नाण्यांवरून नाळ गेली तरी पोरं नाणं उडवताना 'डोकं की जहाज' असंच ओरडत, असं माक्रोबियस या रोमन लेखकाने नोंदवलंय.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २०च्या आसपास ही नाणी नव्याने सुरू केली. मोठं सेस्टर्टियस पितळेचं, आस तांब्याचं. आज सरसकट सगळ्यांनाच ब्राँझ म्हणतात. सेस्टर्टियस चांगलं रुंद असल्याने कारागिराला हात मोकळा मिळाला, आणि माझ्या मते रोमन नाण्यांवरचं सर्वांत सरस काम इथेच आहे. दर्शनी बाजूला सम्राटाचा चेहरा, मागे त्याला लोकांपर्यंत पोचवायची असलेली गोष्ट. जेरुसलेम इ.स. ७० मध्ये पडलं आणि पुढच्याच वर्षी सम्राट व्हेस्पेशियनच्या सेस्टर्टियसवर खजुराचं झाड उमटलं. झाडाच्या एका बाजूला ताठ उभा सम्राट, दुसऱ्या बाजूला खाली बसलेली, हातावर डोकं टेकलेली शोकमग्न स्त्री. भोवती 'जुदेआ (जेरुसलेमचा ज्यू प्रांत) जिंकली' अशा अर्थाची अक्षरं. कोरीवकाम अप्रतिम आहे, पण हरलेल्या माणसांचं दुःख असं बाजारातल्या सुट्ट्या पैशांवर फिरवलेलं पाहून अस्वस्थ व्हायला होतं. त्याचा मुलगा सम्राट टायटसच्या नाण्यावर कोलोसियम आहे, आतल्या गर्दीसकट.

तिसऱ्या शतकात चलन घसरलं. गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या भागात) सत्ता बळकावलेल्या पोस्टुमसने जुन्या झिजलेल्या सेस्टर्टियसवरच आपला ठसा मारला. त्यानंतरची तांब्याची नाणी लहान होत गेली. सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३३०च्या सुमारास रोमचे दंतकथेतले संस्थापक रोम्युलस-रेमस यांना दूध पाजणारी लांडगी आणली, तीही अशाच चिमुकल्या नाण्यावर. उत्तर रोमन काळातली अशी छोटी तांब्याची नाणी तामिळनाडूत आणि श्रीलंकेतही बरीच सापडली आहेत.