वेड पांघरून एल्सिनोरला

शेक्सपिअरच्या नाटकातला एल्सिनोर किल्ल्यातला डॅनिश राजपुत्र हॅम्लेट वेडाचं सोंग घेतो खरा, पण कशासाठी, हे नाटक वाचून नीटसं उमगत नाही. आता राजा झालेल्या काकाने हॅम्लेटच्या बापाचा खून गुपचूप केलाय. पुतण्याला ते कळलंय याची त्याला गंधवार्ताही नाही. अशा वेळी गप्प राहण्यातच शहाणपण. हा मात्र वेडे चाळे करून राजाची नजर स्वतःवर ओढवून घेतो. मग दोन जुने मित्र पाळतीवर येतात, राजाचा सल्लागार पोलोनियस पडद्याआड लपतो.

या कोड्याचं मूळ चारशे वर्षं आधीच्या कथेत आहे. इ. स. 1200च्या सुमारास सॅक्सो ग्रामॅटिकसने डेन्मार्कचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. त्यातला काका फेंग खून लपवत नाही, वर त्याचं समर्थनही करतो. बापाचा सूड घेणं हे मुलाचं कर्तव्य, हे तोही जाणतो. म्हणजे मुलगा शहाणा दिसला तर मेलाच. म्हणून ॲमलेथ, म्हणजे मूळचा हॅम्लेट, अंगाला घाण फासून चुलीपाशी बसतो, लाकडाचे आकडे (हूक) तासून विस्तवावर कडक करतो. ‘हे कशाला?’ असं विचारलं, की म्हणतो, बापाच्या सुडासाठी भाले करतोय. सगळे हसतात. खरी गंमत ही, की तो खोटं बोलतच नाही! शेवटी दारूने झिंगून पडलेल्या दरबाऱ्यांवर तो भिंतीवरचे पडदे पाडतो, त्याच आकड्यांनी ते जखडतो आणि वाडा पेटवून देतो.

याआधीचा नमुना रोमचा. ल्युसियस ज्युनियस ब्रूटस (सीझरला मारणारा नव्हे, त्याच्या साडेचारशे वर्षं आधीचा) राजा टार्क्विनच्या भीतीने मठ्ठपणाचं सोंग घेतो आणि पोकळ काठीत सोनं दडवून डेल्फीला नेतो. ॲमलेथकडेही सोनं भरलेल्या पोकळ काठ्या आहेतच, त्यामुळे उसनवारी लपत नाही.

1570च्या दशकात फ्रेंच लेखक बेलफोरेने ही कथा फ्रेंचमध्ये आणली. लंडनच्या रंगभूमीवर येईतो खून गुप्त झाला, बापाचं भूत आलं. सोंगाची गरज सरली, सोंग मात्र उरलं. ते का टिकलं, याचं उत्तर मला त्या काळचा नाटककार थॉमस किडच्या ‘स्पॅनिश ट्रॅजेडी’ या नाटकात दिसतं. मुलाच्या खुनाने हिएरोनिमो खरोखरच भ्रमिष्ट होतो, राजासमोर खंजिराने जमीन उकरतो. आणि तोच माणूस थंड डोक्याने दरबारी नाटक रचून त्यात खुन्यांना खरोखर मारवतो. वेड खरं की घेतलेलं, हा संशयच प्रेक्षकांना खिळवून ठेवू लागला होता.

मराठीत हॅम्लेट आला तो आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधून, 1883 साली. आदल्या वर्षी टिळक आणि आगरकर कोल्हापूर प्रकरणात डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते आणि आगरकरांनी तिथे या नाटकावर काम केलं. ते प्रकरण होतं तरुण महाराज चौथ्या शिवाजींचं: सरकार त्यांना वेडे ठरवत होतं, तर ‘केसरी’ आणि ‘मराठा’चा आरोप होता, की कारभारीच त्यांचा छळ करताहेत.