एक सेकंद ते अडीचशे जीबी: सॅम्पल पियानो कसा घडला

1978 साली सिडनीत पीटर व्होगेल आणि किम रायरी एक यंत्र तयार करत होते. खऱ्या वाद्यांचे आवाज निव्वळ आकडेमोडीतून घडवायचे, असा त्यांचा बेत होता. आवाज निघत होते, पण त्यात जीव नव्हता. मग व्होगेलनी रेडिओवर लागलेल्या पियानोचा जेमतेम सेकंदभराचा तुकडा यंत्रात भरला आणि तो वेगवेगळ्या सुरांत वाजवून पाहिला. महिनोन्महिन्यांच्या गणितापेक्षा तो तुकडाच खऱ्या पियानोच्या जास्त जवळ निघाला. खऱ्या आवाजाचा असा रेकॉर्ड केलेला तुकडा म्हणजे ‘सॅम्पल’. पुढच्याच वर्षी ते यंत्र ‘फेअरलाइट सीएमआय’ नावानं बाजारात आलं. आज संगीतकार लॅपटॉपवर जो कॉन्सर्ट ग्रँड, म्हणजे मैफिलीचा मोठा पियानो, उघडतात, त्याचं मूळ या आडवाटेत आहे.

रेकॉर्ड केलेला सूर पट्टीवर वाजवण्याची कल्पना त्याआधीची. 1960च्या दशकातल्या मेलोट्रॉन या कीबोर्ड वाद्यात प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असे. सुमारे आठ सेकंदांत टेप संपे आणि सूरही. व्हायोलिन, बासरीला ते कसंबसं चालून जाई.

पियानोची मात्र वेगळीच गोची आहे. हातोडी तारेवर आदळली की पहिल्या क्षणी सगळे उपस्वर, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे बारीक सूर, उसळतात, मग एकेक करून विरत जातात, आणि तेही वेगवेगळ्या गतीनं. बहुतेक स्वरांना तीन-तीन तारा असतात. त्या एकमेकींशी किंचित भांडत राहतात, म्हणून सूर विरतानाही हलत असतो. मेमरी वाचवण्यासाठी त्या काळी ‘लूप’ लावत. म्हणजे सुरुवातीचा आघात खरा ठेवायचा, पुढे एक छोटा तुकडा गोल फिरवत आवाज हळूहळू कमी करायचा. ऑर्गनला हे बेमालूम जमतं. पियानोत मात्र दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला कान ओळखतो की तार हलायची थांबली. शिवाय एकच सॅम्पल चार-पाच पट्ट्यांवर ताणलं की वरच्या पट्टीवर आघातही आखडतो आणि पियानो खेळण्यातला वाटू लागतो.

यातून पहिली मोठी सुटका अमेरिकी संशोधक रे कर्झवाईल यांनी केली. अंधांसाठी त्यांनी 1976 साली वाचनयंत्र बनवलं होतं, त्याच्या पहिल्या ग्राहकांत अंध गायक-संगीतकार स्टीव्ही वंडर होते. दोघांची मैत्री जमली. संगणकाची हुकमत आणि खऱ्या वाद्याचा नाद एका ठिकाणी मिळेल का, या वंडर यांच्या सवालातून 1984 साली ‘कर्झवाईल 250’ आला. ग्रँड पियानोचा पटण्याजोगा आवाज देणारा पहिला कीबोर्ड म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

तरी जागेची चणचण होतीच. 1988चा अकाई एस-1000 हा सॅम्पलर, म्हणजे सॅम्पल साठवून वाजवणारी पेटी, मूळ 2 एमबी मेमरीसह येई. सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज सेकंदाला सुमारे 176 केबी खातो, म्हणजे हातात आले जेमतेम बारा सेकंद. आता हिशोब करून बघा: 88 पट्ट्या, प्रत्येकी सरासरी तीस सेकंद, आणि पट्टी हळू ते जोरात दाबण्याच्या दहा पातळ्या. साडेचार जीबी! त्यात पेडल दाबून वाजवलेले सूर वेगळे आणि मायक्रोफोनच्या तीन जागा धरल्या, तर सहापट. तेव्हाच्या अभियंत्यांना कान नव्हते असं नाही, जागा नव्हती.

कोंडी फोडली ती 1998 साली नेमेसिस कंपनीच्या गिगासॅम्पलरनं. युक्ती साधी, पण झकास. प्रत्येक सुराचा फक्त आरंभ रॅममध्ये ठेवायचा आणि तो वाजत असताना उरलेला भाग हार्ड डिस्कवरून ओढून आणायचा. त्याच्यासोबतच्या पियानोचा आकार सुमारे 1 जीबी होता आणि लूपची गरज संपली. पुढच्या वर्षी व्हीएसटी वाद्यं, म्हणजे संगणकातल्या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये जोडायची वाद्यं, आली, सॅम्पलरची पेटी जाऊन सॉफ्टवेअर उरलं. 2004 साली सिंथॉजी कंपनीच्या ‘आयव्हरी’नं स्टाइनवे डी, ब्यॉझेनडॉर्फर 290 आणि यामाहा सी-7 हे तीन ग्रँड पियानो एकाच संचात दिले. मग आकड्यांची चढाओढच लागली. ईस्टवेस्ट कंपनीचे चार पियानो अडीचशे जीबीच्या वर गेले. ‘व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररी’ या सॅम्पल-कंपनीनं तर ब्यॉझेनडॉर्फर इम्पीरियलच्या पट्ट्या संगणकाकडूनच दाबून घेतल्या, कारण एकाच पट्टीवर दाबाच्या शंभर पातळ्या क्रमानं वाजवणं माणसाच्या बोटांना जमणारं नाही. पट्टीमागे बाराशेच्या आसपास सॅम्पल! माझ्या मते, भरगच्च वाद्यमेळात यातला निम्मा बारकावा ऐकूही येत नाही.

आणि एवढं करूनही एक गोष्ट निसटते. पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात आणि एक सूर वाजवला तरी बाकीच्या साथ देतात, सतारीच्या तरफांसारख्या. सुटे सुटे रेकॉर्ड केलेले सूर एकत्र वाजवले, तर ही देवाणघेवाण होत नाही. सुरांची नुसती बेरीज होते. म्हणून नंतरच्या संचांत ही गुंज आकडेमोड करून सॅम्पलवर चढवली जाऊ लागली.

2006 साली फ्रान्समधल्या तूलूझहून आलेल्या ‘पियानोटेक’ या सॉफ्टवेअरनं तर सॅम्पलच टाकून दिली. ते रचणारे फिलिप गियोम आधी पियानो सुरात लावायचं काम करत, नंतर गणितज्ञ झाले. हातोडी, तार, लाकडी फळी यांची समीकरणं सोडवत हे सॉफ्टवेअर त्या-त्या क्षणी आवाज घडवतं आणि काही एमबींत मावतं. सिडनीत जे गणित हरलं होतं, ते प्रोसेसर वेगवान झाल्यावर उभं राहिलं. तरी पार्श्वसंगीतात एकटा पियानो ठेवायचा असला की बरेच संगीतकार अजून सॅम्पलकडेच वळतात. तिथे हवा असतो तो विशिष्ट दालनातला, विशिष्ट माइकसमोरचा एक विशिष्ट पियानो, त्याच्या पेडलच्या करकरीसकट.