जलपक्षी संवर्धन, मराठवाड्यातील

गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या पाणथळ जागांत राहणाऱ्या, वीण करणाऱ्या किंवा फक्त हिवाळ्यापुरत्या उतरणाऱ्या पक्ष्यांची संख्या टिकवण्याचे प्रयत्न. मराठवाड्यात या विषयाचा मोठा भाग पैठणचा नाथसागर जलाशय आणि त्यावरील जायकवाडी पक्षी अभयारण्य यांनी व्यापला आहे.

जायकवाडी हे नाव मूळचे पैठणचे नव्हे. हैदराबाद संस्थानाच्या काळात धरणाची जागा नदीच्या खालच्या अंगाला, बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ धरली होती. पुढे ती वर पैठणला सरकली, कागदोपत्री नाव मात्र तेच राहिले. धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते, तर लोकार्पण २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर म्हणतात. अभयारण्याला धरणाचे नाव मिळाले आणि लोकांच्या तोंडी जलाशयाचे राहिले. त्यामुळे पक्ष्यांच्या नोंदी कुठे ‘जायकवाडी’, कुठे ‘नाथसागर’ तर कुठे काठच्या गावाच्या नावाखाली सापडतात. जुन्या याद्या जुळवताना एकच थवा दोनदा मोजला जाऊ नये, एवढे भान ठेवावे लागते.

धरण झाले म्हणून पक्षी आले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असणारा हंसासारखा पाहुणा पक्षी), रोहित (फ्लेमिंगो) किंवा थापट्या (पसरट चोचीचे बदक) यांचे मोठे थवे पाहता ती स्वाभाविक आहे. पण धरणापूर्वीची गोदावरी कोरडी नव्हती. पावसाळ्यानंतर पात्रात डोह राहत, डोहांमध्ये वाळूची बेटे उघडी पडत आणि पंचक्रोशीत गावतळीही होती. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी १९३१-३२ च्या सुमारास त्या संस्थानाची पक्षी-पाहणी केली. तिचे वृत्त मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात क्रमशः छापले गेले. तेव्हा आणि आता यांची आकड्यांनी तुलना करता येत नाही. त्या पाहणीत भर जातींच्या नोंदीवर आणि नमुन्यांवर होता, मोजदादीवर नव्हता. तरीही पूर्वी विखुरलेले पक्षी धरणानंतर एका जागी गोळा झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नदीच्या वाळूवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची जागा मात्र धरणाने बुडवली, हेही त्याच हिशेबात धरावे लागते.

पूर्ण संचय पातळीला (४६३.९०६ मीटर, म्हणजे १,५२२ फूट) जलाशय सुमारे ३५० चौ. किमी. पसरतो. एकूण साठवण २,९०९ दशलक्ष घनमीटर धरली, तर सरासरी खोली आठ मीटरच्या थोडी वर येते. गाळ साचल्याने ती आता कमी असावी. एवढ्या मोठ्या पाण्याला ही खोली कमीच आहे आणि जलपक्ष्यांच्या दृष्टीने जलाशयाचे मोल त्यातच आहे. शेकाट्या, तुतवार यांसारखे चिखलपायी पक्षी घोट्याएवढ्या पाण्यात चरतात. थापट्या, तलवार बदक यांना वीतभर, फार तर हातभर पाणी लागते. खोल पाण्यात पाणकावळा आणि टिबुकली यांचे निभते, इतरांना ते विश्रांतीपुरते. काठाचा उतार शंभर मीटरला एक मीटर असेल, तर पातळी फूटभर उतरताच तीस मीटर रुंदीचा चिखल उघडा पडतो. भरल्या वर्षी डिसेंबरात धरण काठोकाठ असले की हौशी निरीक्षक ‘यंदा पक्षी कमी’ म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. उलट २०१२-१३ किंवा २०१५-१६ सारख्या दुष्काळात पाणी मृतसाठ्याच्या (कालव्यात सोडता न येणाऱ्या तळाच्या पाण्याच्या) आसपास गेले की काठ गावापासून लांब जातो आणि पक्षी मोजणाऱ्याच्या दुर्बिणीबाहेर राहतात.

हिवाळ्यात पाणी किती झपाट्याने उतरावे, हे पक्ष्यांकडे पाहून ठरत नाही. डाव्या (२०८ किमी.) आणि उजव्या (१३२ किमी.) कालव्याच्या पाणपाळ्या (शेतीला पाणी सोडण्याच्या ठरलेल्या वेळा), छत्रपती संभाजीनगर शहराचे व उद्योगांचे पाणी, वरच्या धरणांतून समन्यायी वाटपाने मिळणारा विसर्ग यांवर ते ठरते. वनखात्याच्या हाती अभयारण्य असले तरी पाणी जलसंपदा खात्याच्या हाती आहे.

उघड्या पडलेल्या जमिनीलाही मागणी असते. संपादित पण पाणी ओसरल्यावर कसता येणाऱ्या या जमिनीला गाळपेर म्हणतात. ती हंगामापुरती भाडेपट्ट्याने दिली जाते आणि तिच्यावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा मानतात. गहू, हरभरा, पुढे टरबूज असा तिथला क्रम. पाणी जसे मागे जाते तसे शेतकरी मोटार आणि पाइप पुढे सरकवत राहतात; पाण्याकाठचा जो पट्टा बदकांना हवा असतो, नेमका त्यातच मोटार बसते. चार-पाच पट्टकादंब कोवळ्या हरभऱ्यात उतरले की बांधावरून पोरगा डबा बडवतो. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांनाच पक्ष्यांसाठी गाळपेर सोडा म्हणणे सोपे नाही, आणि आजवरचे बहुतेक आराखडे इथेच अडखळतात.

विणीचा प्रश्न वेगळा आहे. नदी सुरय हा मासे टिपणारा पाणपक्षी फेब्रुवारी ते मे या काळात उघड्या बेटांवर अंडी घालतो, टिटवीची वीणही याच सुमारास सुरू होते. घरटे म्हणजे जमिनीतला नुसता खळगा. टिटवीला म्हशीच्या खुराचा वाळलेला ठसाही पुरतो, आणि मातकट ठिपक्यांची अंडी दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. एप्रिलमध्ये पाणी उतरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री आणि जनावरे आत येतात. पैठणच्या खाली पात्रात हेच काम वाळूउपसा करतो. नदी सुरय आज जागतिक पातळीवर असुरक्षित जातींत मोडते, त्यामुळे बेटे विणीच्या दिवसांत पाण्याने वेढलेली ठेवणे हा खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी उपाय ठरावा.

कायद्याने या पाण्याला एका बाजूने संरक्षण आहे, दुसऱ्या बाजूने नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली १९८६ मध्ये ३४१.०५ चौ. किमी. क्षेत्र अभयारण्य जाहीर झाले. ते छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत पसरले आहे. भोवतीचे पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र २०१७ मध्ये ठरले. त्याच वर्षीच्या पाणथळ जागांच्या नियमांतून मात्र सिंचन व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत, नदीचे पात्रही वगळले आहे. रामसर करार या पाणथळ जागांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात मानवनिर्मित पाणथळींनाही जागा आहे: गोदावरीवरच वर असलेले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे बंधाऱ्यामुळे झालेले पाणथळ राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. मराठवाड्यात असे स्थळ अद्याप नाही. नाथसागरावरील तरंगत्या सौरप्रकल्पाला घेतलेली हरकत राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अमान्य केली.

छत्रपती संभाजीनगर शहरातून खाम नदीने येणारे सांडपाणी, जलपर्णी आणि काठावर माजणारे बेशरमीचे झुडूप या तक्रारी नेहमीच्या आहेत. मासेमारीच्या जाळ्यांत अडकणाऱ्या पक्ष्यांचीही तक्रार असते. काठच्या भोई आणि कहार कुटुंबांचे पोट याच पाण्यावर असल्याने ती बंदीने सुटणारी नाही.

वारकरी या पक्ष्याचा उल्लेख येथे करायला हवा. काळ्या अंगाच्या या पाणपक्ष्याच्या कपाळावर पांढरा पट्टा असतो. गंधाची आठवण होऊन त्याला हे नाव पडले असावे. एकनाथांच्या गावी ते शोभते.

अन्यत्र सिंदफणेवरील माजलगाव (जायकवाडीचा दुसरा टप्पा), पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर, नांदेडचा विष्णुपुरी जलाशय, मांजरा धरण आणि छत्रपती संभाजीनगर शहरातील सालिम अली सरोवर येथे हिवाळी पक्षी उतरतात. दर जानेवारीत होणारी आशियाई जलपक्षी गणना भारतात १९८७ पासून चालू आहे. तिच्यात एका ठिकाणी तोच काठ, तोच आठवडा आणि शक्यतो तेच मोजणारे लागतात. माजलगाव-येलदरीच्या काठांवर सलग दहा वर्षे अशी मोजणी झाली, तरच नाथसागरावर कमी दिसलेले पक्षी खरोखर घटले की शेजारच्या पाण्यावर गेले, हे सांगता येईल.