पानथरी हाताला लागली, पुढे?

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा पस्तिशीचा एखादा गडी दोन भाकरींवरून अर्ध्या भाकरीवर येतो. "भूकच लागत नही," म्हणतो. घरचे पित्त समजतात. वजन उतरतं, रात्री घामानं अंथरूण भिजतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं.

तो जडपणा पानथरीचा, म्हणजे प्लीहेचा. एरवी ती मुठीएवढी, बरगड्यांआड लपलेली असते. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ती खाली उतरते, कधी थेट बेंबीपर्यंत. जठराला जागा उरत नाही, म्हणून चार घासांत पोट भरतं. क्वचित एखाद्या पुरुषात तासन्‌तास न ओसरणारी, लिंगाची दुखरी ताठरता हेच पहिलं लक्षण असतं. लाजेपायी ते सांगितलं जात नाही याचं फार वाईट वाटतं.

पण सातपुड्याच्या पायथ्याला हिवताप जुना, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. पानथरी त्यांतही वाढते. त्यामुळे आधी हिवताप आठवणं चूक नाही. तिथेच थांबणं चूक. साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बरंच सांगून जाते. पांढऱ्या पेशी एरवी एका मायक्रोलिटर रक्तात ४ ते ११ हजार असतात. हिवतापात त्या सहसा वाढत नाहीत, या कर्करोगात मात्र बहुधा लाखापुढे जातात. काचपट्टीवर तर अस्थिमज्जाच, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर, रक्तात सांडल्यासारखी दिसते: कोवळ्यापासून पिकलेल्यापर्यंत सगळ्या वयाच्या पेशी, शिवाय एरवी तुरळक असणाऱ्या बेसोफिल पेशीही वाढलेल्या. हिमोग्लोबिन उतरलेलं, प्लेटलेट्स बऱ्याचदा चढलेल्या.

पाश्चात्त्य देशांत हा साठीच्या आसपासचा आजार, आणि तिथे बरेच रुग्ण काही त्रास नसताना नेहमीच्या रक्ततपासणीत सापडतात. भारतात तो तिशी-चाळिशीत गाठतो आणि बहुतेक जण पानथरी वाढल्यावरच येतात.

मूळ एका अदलाबदलीत आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात नॉवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना या रुग्णांत एक आखूड गुणसूत्र दिसलं. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्यातून बनणारा बीसीआर-एबीएल जनुक पेशींना वाढतच राहायला लावतो. हा बदल जन्मानंतर होतो. तो आईबापांकडून येत नाही, मुलांना जात नाही. निदान त्याच जनुकाच्या तपासणीनं पक्कं होतं. २००१ पासून वापरात आलेली इमॅटिनिबची गोळी नेमकी त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनावरच काम करते. ती रोज घेतली की बहुतेकांची पानथरी काही महिन्यांत पुन्हा बरगडीआड जाते.