गोव्यात एवढ्या खाणी, मग स्टीलचा मोठा कारखाना का नाही?

डिचोली-साखळीकडच्या माणसाला बाहेरचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर खाणीत शोधून सापडणार नाही, ते भट्टीत आहे.

आपला माल, म्हणजे लोहखनिज, बहुतेक चुरा, म्हणजे फाइन्स, आणि त्यातला बराचसा लो ग्रेड, म्हणजे लोखंड कमी असलेला. हा चुरा तसाच ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढायच्या उंच भट्टीत, ओतला तर खालून फुंकलेल्या गरम हवेला वर यायला वाटच राहत नाही, फर्नेस गुदमरते. म्हणून आधी कोकची (दगडी कोळसा हवेशिवाय भाजून केलेलं जळण) भुकटी आणि चुनखडी मिसळून तो भाजायचा, त्याची ढेकळं करायची, त्याला सिंटर म्हणतात. हे जमलं तेव्हा कुठे चुऱ्याला खरी किंमत आली.

जपानकडे ना माल ना कोळसा, दोन्ही जहाजाने आणायचं, मग त्यांनी कारखानेच समुद्रकाठी बांधले. १९५२ ला ऑस्ट्रियात लिंझला ऑक्सिजन फुंकून स्टील करायची एलडी पद्धत सुरू झाली, जुन्या ओपन हार्थ भट्टीला जिथे आठ-दहा तास लागायचे तिथे हे काम तासाच्या आत, आणि जपान्यांनी ती पटकन उचलली. तेव्हा इथे पोर्तुगीज होते आणि मुरगावातून जपानला माल जात होता. आपली खरी ताकद मालाची नव्हतीच, वाहतुकीची होती, खाणीतून ट्रकने जेटीवर, तिथून बार्ज मांडवी किंवा झुआरीतून थेट बंदरात, रेल्वेचं भाडं शून्य.

मग इथेच का नाही वितळवला? कोक! देशातल्या कोकिंग कोळशात, म्हणजे ज्याचा कोक होतो त्या कोळशात, राख जास्त, आणि तो कोळसा निघतो ते झारखंडातलं झरिया कुठे नि गोवा कुठे. १९९२ ला आमोण्यात पिग आयर्नचा, म्हणजे कच्च्या लोखंडाचा, कारखाना आला, पण पिग आयर्न फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाला, जातं, ते स्टील नव्हे. गंमत बघा, आता परदेशी कोळसा मुरगावातच उतरतो आणि घाट चढून कर्नाटकात बल्लारीकडे तोरणगल्लूच्या स्टील कारखान्याला जातो, धूळ तेवढी वास्कोवाल्यांच्या वाट्याला! तिथल्या जिंदालने कोकिंग कोळशाचा खर्च टाळायला १९९९ च्या सुमारास कोक न लागता बऱ्याच अंशी साध्या कोळशावर चालणाऱ्या कोरेक्स भट्ट्या लावल्या होत्या, यावरून कोळशाचं दुखणं केवढं ते कळतं. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या, विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या भंगार वितळवतात, त्यांचं गणित विजेच्या दरावर, खाणीशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

२००० नंतर चीन आला आणि पूर्वी डंपवर, म्हणजे खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यांवर, टाकलेली मातीसुद्धा खपायला लागली. २०१०-११ ला निर्यात ५ कोटी टनांच्या वर गेली. २०१२ ला खाणी बंद, पुन्हा सुरू होतात न होतात तोच २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, ती कहाणी सगळ्यांना पाठ आहे.

लो ग्रेड मालात सिलिका-ॲल्युमिना जास्त, म्हणजे स्लॅग (भट्टीतला वितळलेला मळ) जास्त, आणि स्लॅग वितळवायलाही कोकच जळतो. त्यामुळे कोक महागला की चिनी कारखाने हाय ग्रेडकडे वळतात आणि आपल्या चुऱ्याचा भाव आणखी पाडून मागतात.