सल्ल्यालाही मात्रा असते

मधुमेहाच्या रुग्णाला गोळी लिहून देताना वैद्यकीय विद्यार्थी तिचे नाव, मिलिग्रॅम, वेळ आणि ती जेवणाआधी घ्यायची की नंतर हे सारे काटेकोरपणे लिहितो; त्याच कागदाच्या तळाशी मात्र ‘गोड कमी करा, रोज चाला’ एवढे लिहून तो मोकळा होतो. किती वेळ चालायचे, कोणत्या गतीने, गुडघे दुखत असतील तर काय करायचे, हे त्याला क्वचितच कोणी शिकवलेले असते. आहार, शारीरिक हालचाल, झोप, ताणतणावाचे नियोजन, व्यसनांपासून दूर राहणे आणि माणसांमधली नाती या सहा गोष्टींना जीवनशैली वैद्यक उपचाराचा दर्जा देते. उपचार म्हटला की मात्रा आली, आणि ती ठरवण्याचे कौशल्यही शिकवावे लागते.

याचा सर्वात भक्कम पुरावा २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रक्तातील साखर वाढलेली, पण अद्याप मधुमेह न झालेली ३,२३४ माणसे त्या अभ्यासात होती. सरासरी सुमारे पावणेतीन वर्षांत मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी, तर जीवनशैलीतील बदलामुळे ५८ टक्क्यांनी घटले. हे आकडे सर्वत्र सांगितले जातात. पण जीवनशैलीच्या गटाला नेमके काय दिले होते, हे क्वचितच सांगितले जाते. आठवड्याला किमान १५० मिनिटांचा व्यायाम आणि ७ टक्के वजनघट हे ठरलेले लक्ष्य होते, आणि तिथवर पोहोचण्यासाठी प्रत्येकाला सुरुवातीच्या सहा महिन्यांत प्रशिक्षित मार्गदर्शकासोबत १६ बैठका मिळाल्या. ते मार्गदर्शक बहुतेक आहारतज्ज्ञ होते, डॉक्टर नव्हेत. गोळीवर मात केली ती या १६ बैठकांनी. जाता जाता दिलेल्या उपदेशाने नव्हे.

भारतातील चित्र थोडे वेगळे आहे आणि ते शिकवणे अधिक महत्त्वाचे आहे. चेन्नईच्या संशोधकांनी ५३१ जणांवर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जीवनशैलीच्या बदलाने मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी, मेटफॉर्मिनने २६.४ टक्क्यांनी कमी झाले, आणि दोन्ही एकत्र देऊनही फायदा वाढला नाही. विशेष म्हणजे हा फायदा वजन फारसे न घटता मिळाला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे २००४ सालचे छायाचित्र इथे आठवते: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. केवळ वजनकाट्यावर विसंबणारा विद्यार्थी उद्या सडपातळ रुग्णाला निर्धास्त करील आणि इमाने चालूनही वजन न घटलेल्या रुग्णाला अपयशी ठरवील.

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीनव्हिल येथील वैद्यकीय महाविद्यालयाने २०१२ साली सुरुवात केल्यानंतर जीवनशैली वैद्यक हा विषय चारही वर्षांच्या अभ्यासक्रमात गुंफला. ही रचना मला पटते, कारण वेगळा काढलेला एखादा तास विद्यार्थी सहज विसरतात. स्नायूंचे शरीरक्रियाशास्त्र शिकतानाच व्यायामाची मात्रा शिकली, तर ती लक्षात राहते. ही मात्रा सांगणे अवघडही नाही. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत श्रम म्हणजे मध्यम तीव्रता. एवढी खूण रुग्णाला पुरते.

खरी कसोटी संवादाची आहे. तीस वर्षे मिसरी लावणाऱ्या बाईंना ‘सोडा’ म्हणून सांगणाऱ्यांची वाण नसते. ती कधी लावावीशी वाटते, सोडण्याचा प्रयत्न पूर्वी केला होता का, हे विचारून निर्णय त्यांच्याच तोंडून येईपर्यंत धीर धरणे, हे सरावाचे काम आहे. जे परीक्षेत नसते ते विद्यार्थी शिकत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे. तेव्हा स्कॉटलंडमधील डंडी येथे १९७५ च्या सुमारास घडवलेल्या आणि आता आपल्याकडेही रुळलेल्या टप्प्याटप्प्यांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रक्तदाब मोजण्याच्या शेजारी असा संवादाचाही एक टप्पा असावा.

सरावासाठी जागाही तयार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांकडे पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे सोपवली जातात. ओपीडीत न दिसणारे बरेच काही तिथे दिसते: महिन्याला तेल किती आणले जाते, स्वयंपाक कोण करते, संध्याकाळी बाईमाणसाला चालायला सुरक्षित रस्ता आहे का. या भेटींना नर्सिंग, फिजिओथेरपी आणि आहारशास्त्राचे विद्यार्थीही सोबत न्यावेत, असे मला वाटते. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरच्या वाट्याला प्रत्येक रुग्णामागे जेमतेम दोन-तीन मिनिटे येतात; त्यात १६ बैठका बसणार नाहीत. डॉक्टरने गरज ओळखून मात्रा ठरवावी, आणि पुढच्या बैठका घेण्याचे काम परिचारिका, फिजिओथेरपिस्ट व आहारतज्ज्ञ यांच्याकडे नावानिशी सोपवावे. ही वाटणी विद्यार्थिदशेतच एकत्र काम करून शिकली, तर नोकरीत ती नव्याने शिकवावी लागणार नाही.